मोजलेली हवा : एका जुन्या ऑक्टाव्हियाच्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं प्रकरण

फेब्रुवारीत ही गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा मी चूक केली. मे महिन्यात ती परत आली आणि ती चूक निस्तरायला अडीच दिवस गेले. टर्बो पेट्रोल गाड्यांवर काम करणारी पोरं आता आपल्याकडेही वाढली आहेत. त्यांच्या हातून हेच होऊ नये म्हणून सगळं आकड्यांसकट लिहून ठेवतो आहे.

गाडी २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्तीचं. मालक गेवराईकडचा, पंचविशीतला, घरी कापूस आणि ऊस. पुण्याच्या एका माणसाकडून त्याने ती घेतली तेव्हा पंधरा वर्षांनंतरचं फेरपासिंग होऊन गेलेलं होतं. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडल्या जाऊ लागल्या, त्यामुळे संभाजीनगरात या गाडीची नस माहीत असलेले हात बरेच आहेत. गेवराई-बीडकडची अशी गाडी बिघडली की सोलापूर-धुळे हायवेने ती आमच्याकडेच येते.

फेब्रुवारीतली तक्रार साधी होती. "मामा, सिग्नलला गाडी बंद पडायलीय. थांबलो की रेस खाली-वर, खाली-वर होती अन् गपकन बंद." बॉनेट उघडलं तर इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पाईपवर निळ्या रंगाचा चकचकीत ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलेला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये चार महिन्यांपूर्वी बसवून घेतला होता. गिअर बदलताना 'प्शाऽऽ' असा आवाज करत हवा बाहेर फेकणारा. दुसऱ्या दिवशी त्याला अंबाजोगाईला लग्नाला जायचं होतं. "स्प्रिंग कसली की भागतंय असं सांगितलंय मला, तेवढं करून द्या." मी व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा स्क्रू दीड फेरा आत घेतला. आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं ते, स्थिर झालं, गाडी बंद पडायची थांबली, तो खूश होऊन गेला. गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर मी लावला नव्हता. व्हॉल्व्हला जाणारी बारीक नळी कुठून निघते तेही पाहिलं नव्हतं. गाडी गेटबाहेर पडली तेव्हा काम झालं असं मला मनापासून वाटलं होतं.

मेमध्ये गाडी आली तेव्हा बाहेर बेचाळीस डिग्री होतं आणि तक्रारी चार झाल्या होत्या. ॲक्सिलरेटर हळूच सोडला की बॉनेटखालून कबुतराने पंख फडफडवावेत तसा 'तुर्र-तुर्र' आवाज. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना झटका. सायलेन्सरमधून फटाके, आणि मागून मोटरसायकलवर येणाऱ्या चुलतभावाला दिसलेला काळा धूर. वर पेट्रोल पहिल्यापेक्षा जास्त. फटाक्यांचा आवाज मित्रांना आवडत होता म्हणून त्याबद्दल तो महिनाभर काहीच बोलला नव्हता.

व्हॉल्व्ह कशासाठी असतो हे मी त्याला त्याच्या विहिरीवरून सांगितलं. मोटर चालू असताना शेतातला कॉक झटक्यात बंद केला तर पाईपलाईन दणका देते, कारण वेगात आलेल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. टर्बोत तसंच होतं. टर्बो हवा दाबून थ्रॉटलकडे, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या इंजिनाच्या दाराकडे, ढकलत असतो. या वाढीव दाबालाच बूस्ट म्हणतात. गिअर बदलायला पाय उचलला की थ्रॉटलची पाकळी बंद होते, पण टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेत असतं, ते काही लगेच थांबत नाही. कोंडलेली हवा चाकावरूनच उलटी फिरते, पुन्हा पुढे ढकलली जाते, पुन्हा उलटी येते. तो कबुतराचा आवाज याच हेलकाव्यांचा. छोट्या टर्बोवर अर्ध्या बारच्या बूस्टला याने एका दिवसात काही तुटत नाही, पण प्रत्येक हेलकाव्याला शाफ्टवरचा जोर उलटसुलट होतो आणि तो सगळा, शाफ्टला पुढेमागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग खातं. ही कोंडलेली हवा त्या क्षणापुरती मोकळी करून द्यायची, एवढंच व्हॉल्व्हचं काम आहे. कंपनीच्या गाडीत हा व्हॉल्व्ह असतोच, फक्त तो आवाज करत नाही, कारण सोडलेली हवा तो टर्बोच्या तोंडाशी परत नेतो.

ती परत का नेतात, सगळं दुखणं इथेच होतं.

या इंजिनात एअर फिल्टरला लागूनच हवा मोजणारा सेन्सर असतो, आपण त्याला मास एअर फ्लो म्हणतो. आत किती हवा गेली ते तो सांगतो आणि त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल सोडतो. म्हणजे जिनिंगच्या दारातला वजनकाटाच. कापसाची गाडी काट्यावर मोजली, बिल निघालं, आणि काट्यापासून गोदामापर्यंत जाताना चार गाठोडी बाहेर पडली तर? बिल पूर्ण मालाचं, आत आलेला माल कमी. हवा बाहेर फेकणारा व्हॉल्व्ह या गाडीवर नेमकं हेच करतो. मोजून झालेली हवा तो रस्त्यावर टाकतो, पेट्रोल मात्र पूर्ण हवेचं पडतं. गिअर बदलतानाचा झटका, काळा धूर, प्लगवरची काजळी ही त्याचीच फळं. फटाके म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं. त्याचा सगळ्यात मोठा मार धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर झेलतो.

उलटही घडतं. आयडलला इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांत, व्हॅक्यूम असतो आणि तोच व्हॅक्यूम नळीने व्हॉल्व्हच्या डोक्यावर येतो. स्प्रिंग सैल असली तर व्हॉल्व्ह आयडललाच उघडा राहतो, आणि इंजिन त्या उघड्या तोंडातून हवा ओढायला लागतं. म्हणजे काटा चुकवून मागच्या दाराने आलेला माल. सेन्सरला तिचा पत्ता नसतो, पेट्रोल कमी पडतं, आयडल हेलकावतं, गाडी बंद पडते. फेब्रुवारीतला रोग हा होता. मी दार फक्त ढकलून बंद केलं होतं, ते दार मुळात तिथे का आहे हे विचारलं नव्हतं.

मे महिन्यात मी पहिलं काम केलं ते म्हणजे स्क्रू मुद्दाम दीड फेरा बाहेर काढून फेब्रुवारीच्या जागी आणला. माझा पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, बरी गाडी परत कामून बिघडवायलात?" रोग दाबलेला असेल तर आधी तो पुन्हा वर आणावा लागतो, नाहीतर आपण औषध कशावर देतोय हेच कळत नाही. इंजिन गरम करून आयडलवर ठेवलं आणि टिश्यू पेपरचा तुकडा व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरला. कागद आत ओढला जाऊन जाळीला चिकटला. स्कॅनरवर हवेचा आकडा सेकंदाला १.९ ग्रॅम. हे इंजिन आयडलला साधारण दोन ते साडेचार ग्रॅममध्ये असायला हवं. वीस मिनिटं तसंच चालू ठेवल्यावर आयडलचं इंधन करेक्शन अधिक १२ टक्क्यांवर चढलं, म्हणजे ईसीयू स्वतःहून तेवढं जास्त पेट्रोल ओतून तूट भरत होता. आणखी चढलं असतं तर पी ११३६ कोड आला असता, आयडलला मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असल्याचा. मग स्क्रू पुन्हा दीड फेरा आत घेतला. कागद सुटून खाली पडला, हवेचा आकडा वर आला, पण करेक्शन शून्याजवळ न येता अधिक ५ वर अडकलं.

दार बंद असूनही पाच टक्के हवा कुठून तरी चोरून येत होती, आणि फेब्रुवारीत हे मला दिसायला हवं होतं.

नळीचा माग काढला. व्हॉल्व्हच्या डोक्यावरची नळी जवळजवळ दीड मीटर लांब, इंजिनाला वळसा घालून गेलेली, आणि फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीत एक प्लास्टिकचा टी घालून तिथून घेतलेली. टीला एकाही बाजूला क्लिप नाही. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने प्लास्टिक आक्रसलेलं, हाताने फिरवलं तर सहज फिरत होतं. मी दोन गेज लावले, एक थेट मॅनिफोल्डच्या निप्पलला आणि एक व्हॉल्व्हच्या टोकाला. मॅनिफोल्डवर आयडलचा व्हॅक्यूम (पाऱ्याच्या इंचात) १७ इंच, काटा स्थिर. व्हॉल्व्हच्या टोकाला ११ इंच, काटा थरथरत.

या १७ बद्दल सांगतो, कारण इथे पुस्तकातला आकडा बघून माणूस फसतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १८ ते २१ इंच देतं. संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला जवळपास एक इंच कमी होतो. म्हणजे आमच्याकडे १७ हे ठणठणीत इंजिन आहे. मुंबईच्या व्हिडिओतला १९ चा आकडा आणायला इथे टायमिंगला हात लावला तर चांगलं इंजिन बिघडेल.

व्हॉल्व्हला ११ म्हणजे उघडायच्या जोराचा तिसरा हिस्सा वाटेतच गायब. त्यात नळी लांब आणि बारीक, त्यामुळे उरलेला निरोपही उशिरा पोचायचा. जोरात पाय उचलला तर व्हॉल्व्ह उशिरा का होईना उघडायचा. गर्दीत, गिअरमध्ये हळू चालताना पाय अलगद सोडला की तो उघडायचाच नाही, आणि कबुतर फडफडायचं. त्यावर स्प्रिंग मी दीड फेरा कसलेली. मेमधला तो आवाज माझ्या हातून आलेला होता.

बूस्टवर तर आणखी वाईट चित्र दिसलं. गेज डॅशबोर्डवर आणून बीड बायपासवर एक फेरी मारली. मॅनिफोल्डमध्ये ०.५५ बार असताना व्हॉल्व्हच्या डोक्यावर ०.३५ बारच पोचत होते, बाकीचा दाब टीच्या फटीतून बाहेर.

स्प्रिंगबद्दलचा आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज इथेच उलगडतो. बूस्ट जास्त तर स्प्रिंग कडक, असं पोरं एकमेकांना सांगतात. तसं नसतं. व्हॉल्व्हच्या खाली बूस्ट असतो, आणि नळीने तोच बूस्ट वरही येतो. दोन्हीकडून सारखाच दाब, म्हणजे बूस्ट कितीही असो, तो स्वतःच स्वतःला तोलतो. व्हॉल्व्ह मिटलेला ठेवायला स्प्रिंगला फार थोडं करावं लागतं. स्प्रिंगची खरी झुंज आयडलच्या व्हॅक्यूमशी असते. म्हणून चांगल्या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात स्प्रिंग निवडताना तुमच्या इंजिनाचा आयडलचा व्हॅक्यूम किती ते विचारलेलं असतं. इथे मात्र वरचा दाब ०.२ बारने कमी पडत होता, व्हॉल्व्ह बूस्टमध्येच किंचित उघडून हवा गाळत होता, आणि बसवणाऱ्याला वाटलं स्प्रिंग कमी पडतेय. बिघाड नळीत होता, आणि पहिल्या गॅरेजपासून माझ्यापर्यंत सगळे स्क्रू फिरवत बसलो.

त्याच टीवर फ्युएल प्रेशर रेग्युलेटरही होता, आणि हे कळल्यावर मी हातातला पाना खाली ठेवून दोन मिनिटं नुसता उभा राहिलो. रेग्युलेटर मॅनिफोल्डचा दाब बघून पेट्रोलचा दाब वरखाली करतो. बूस्ट चढला की पेट्रोलचा दाबही तेवढाच चढला पाहिजे, तरच इंजेक्टरमधून पुरेसं पेट्रोल पडतं. त्यालाही ०.२ बार कमीच कळत होते. म्हणजे पूर्ण बूस्टवर, जिथे इंजिनाला पेट्रोलची सर्वात जास्त गरज असते, तिथे दाब कमी. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात, चार माणसं बसलेली, एसी चालू, हायवेला. टर्बो पेट्रोल इंजिनाचे पिस्टन असेच जळतात. आवाजाच्या हौसेसाठी रेग्युलेटरच्या नळीला टी घालणाऱ्याने काय ओढवून घेतलंय हे त्याला माहीत नव्हतं, आणि मी बघितलं नाही म्हणून तीन महिने गाडी तशीच पळाली.

संध्याकाळी व्हॉल्व्ह खोलला. त्याचं तोंड उजव्या पुढच्या चाकाच्या कोनाड्याकडे वळवलेलं होतं. पाईपच्या आतून बोट फिरवलं तर तेलात कालवलेली काळी माती बोटाला आली. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीवरही तोच थर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, कापूस वेचणीच्या दिवसांत, गाडी शेताच्या कच्च्या रस्त्याने रोज गेली होती, आणि आयडलला उघडा राहणारा तो व्हॉल्व्ह फिल्टरला वळसा घालून काळ्या रानाची धूळ सरळ सिलिंडरमध्ये पाठवत होता. मी बोट मालकासमोर धरलं. तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी तर फिल्टर दर पाच हजाराला नवा टाकायलोय, मामा." टाकत होता, हे खरंच होतं. त्याला दोष द्यावा असं काही त्यात नव्हतं.

टर्बोची तपासणी त्याच रात्री केली. इनटेकचा पाईप काढून चाक हाताने हलवलं. आडवा हलका खेळ होता, तो तेल नसताना असतोच, पण पाती घराला कुठे घासलेली नव्हती. पुढेमागे खेळ हाताला जाणवला नाही. थ्रस्ट बेअरिंग वाचलं होतं.

मग मालकाला विचारलं, मूळचा व्हॉल्व्ह कुठे आहे. वडिलांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेला निघाला, ते दुसऱ्या दिवशी एसटीने घेऊन आले. हा काळा प्लास्टिकचा, आत रबरी पडदा असलेला. तो तपासायला गेज लागत नाही. खालून बोट घालून झडप आत दाबायची, वरच्या निप्पलवर अंगठा घट्ट ठेवायचा आणि बोट काढायचं. पडदा शाबूत असेल तर झडप दाबलेलीच राहते. इथे ती लगेच परत आली. पडदा फाटला होता. म्हणजे निळा व्हॉल्व्ह बसवण्याआधी मुळात पिकअप कमी झाल्याची तक्रार होती, कारण फाटका पडदा होता, आणि उपाय होता तसाच दुसरा व्हॉल्व्ह. त्याऐवजी गाडीवर आवाजाचं यंत्र चढलं आणि परत हवा नेणारी मूळ वाट लाकडी गुट्टी ठोकून क्लिपने बंद करण्यात आली.

दोन रस्ते होते. मूळचाच नवा व्हॉल्व्ह, किंवा हवा आत परत नेणारा धातूचा, पिस्टनवाला, स्प्रिंग जुळवता येणारा. मी एरवी पहिलाच सांगतो. पण याच्या मनातून तो आवाज जात नव्हता, आणि नुसतं 'नाही' म्हणून पाठवलं असतं तर चार महिन्यांनी तिसऱ्या गॅरेजात निळा व्हॉल्व्ह परत चढला असता. पिस्टनच्या व्हॉल्व्हने परत जाणाऱ्या हवेचा हलका सुस्कारा आत बसलेल्याला ऐकू येतो. शिवाय गाडीचं पुढचं फेरपासिंग जवळ आलं होतं. काळा धूर सोडणारी गाडी पीयूसीला अडकते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि धूर दोन्ही येतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. हे सगळं मी सांगितलं. ठरवलं मात्र वडिलांनी. "आवाज कमी असला तरी चालंल, पण गाडीत माती जाऊ नये."

बसवण्याचं काम तसं अर्ध्या दिवसाचं. इंटरकूलरच्या पाईपवरचं वेल्ड केलेलं तोंड कायमचं बंद केलं, गुट्टी काढली, इनटेकच्या पाईपमधली माती धुऊन पाईप वाळवला आणि नवा व्हॉल्व्ह मूळच्या जागी बसवला. पिस्टनला सिलिकॉनचं हलकं वंगण लावलं, साधं ग्रीस नाही, ते धगीत घट्ट होऊन पिस्टन अडकवतं. रेग्युलेटरला त्याची स्वतंत्र नळी दिली, मध्ये काही नाही. व्हॉल्व्हसाठी मॅनिफोल्डचं वेगळं निप्पल, जाड भिंतीची नवी नळी, जेमतेम हातभर लांबीची, दोन्ही टोकांना क्लिप. या नळीत दुसरं काहीही जोडायचं नाही, बूस्ट गेजसुद्धा नाही.

मग गळतीची चाचणी. सेन्सरच्या पलीकडचा पाईप झाकण लावून बंद केला आणि कॉम्प्रेसरची हवा कॉम्प्रेसरच्याच रेग्युलेटरमधून ०.५ बारला आत सोडली. त्यापेक्षा जास्त देऊ नये, क्रँककेसची सील फुटतात. साबणाचं पाणी फवारत गेलो. व्हॉल्व्हवर काही नाही, इंटरकूलरच्या खालच्या जोडावर मात्र बुडबुडे आले, तिथली क्लिप बदलली. आयडलला गेज लावलं तर दोन्हीकडे १७ इंच.

जुळवणी इथून सुरू झाली आणि ती घाईत होत नाही. स्क्रू सर्वात सैल जागेपासून सुरू केला. बहुतेकजण उलट करतात, कडक करून मग सैल करत येतात, आणि तोपर्यंत टर्बो मार खात असतो. हवा आतच परत जाणार असल्यामुळे आयडलला व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तरी हिशेब बिघडत नाही, ती हवा मोजलेलीच असते. त्यामुळे मला दोनच गोष्टी बघायच्या होत्या. पाय अलगद सोडल्यावर कबुतर फडफडता कामा नये, आणि हलक्या बूस्टवर व्हॉल्व्ह गळता कामा नये.

शरणापूर फाट्यावरून दौलताबादकडे, आणि किल्ल्याच्या पुढे खुलताबादच्या घाटात. गाडी पोऱ्या चालवत होता, मी गेज बघत होतो, मालक मागे. सकाळी सहाला निघालो, रस्ता मोकळा असतो. चाचणी एकच, पुन्हा पुन्हा. तिसरा गिअर, २,५०० च्या आसपास फेरे, अर्धा ॲक्सिलरेटर, बूस्ट ०.२ वर आला की पाय हळू सोडायचा. मग तेच जोरात. पूर्ण सैल असताना कबुतर गप्प होतं, पण चढावर बूस्ट ०.४ वरच रेंगाळत होता, व्हॉल्व्ह गळत होता. पाव फेरा आत. परत खाली जाऊन परत वर. दर वेळी वहीत नोंद. पावणेतीन फेऱ्यांवर बूस्ट ०.५५ ला पोचला आणि टिकला. तीन फेऱ्यांवर अलगद सोडताना एकदा तुर्र झालं. पुन्हा पावणेतीनवर आणलं आणि स्क्रूवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे कुणी फिरवलाच तर दिसेल.

उतरताना मालक स्वतः चालवायला बसला. दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं, झटका आला नाही. खिडकी खाली करून तो कान देऊन ऐकत होता. "यायलाय मामा, बारीक यायलाय आवाज."

गॅरेजवर आल्यावर जुनी करेक्शन पुसून गाडी तासभर चालवली आणि आकडे परत घेतले. आयडलला हवा २.८ ग्रॅम, करेक्शन अधिक १.५. प्लग काजळलेले होते ते बदलले. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर तापमान मोजलं, तो अजून काम करत होता.

निघताना चुलतभावाने विचारलं, त्याच्या स्कॉर्पिओला असाच बसवून मिळेल का. हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. डिझेल इंजिनात पाय उचलल्यावर हवेची वाट बंद करणारी पाकळी तशी चालत नाही. इंजिन हवा घेतच राहतं, फक्त डिझेल थांबतं. कोंडलेली हवाच नाही तर सोडायचं काय? डिझेलसाठी जे किट विकतात त्यात ॲक्सिलरेटरला बटण लावून विजेवर व्हॉल्व्ह उघडतात, म्हणजे मुद्दाम बूस्ट गाळून आवाज काढतात. मी बसवत नाही. तो हिरमुसला, पण त्याच्याही एअर फिल्टरचा डबा उघडून बघितला तर झाकणाची एक क्लिप तुटलेली होती, ती लावून दिली.

बिलात मी फेब्रुवारीची मजुरी वजा केली. मालक नको म्हणत होता.

एक गोष्ट राहिली आहे. जाण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. बाकीचे तीन साडेदहा बारच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा साडेनऊ. हा फरक कंपनीच्या मर्यादेत बसतो. पण त्या पाईपमधली माती मी बोटाने पुसलेली आहे, त्यामुळे हा एक बार माझ्या डोक्यातून जात नाही. तेलाची पातळी दर पंधरा दिवसांनी बघून मला फोनवर सांगायला सांगितलंय. दिवाळीनंतर वेचणी आवरली की गाडी परत येईल, तेव्हा तिसरा सिलिंडर पुन्हा मोजायचा आहे. वहीत त्या पानाला खूण घातली आहे.